काटा कॉम्प्युटरला दिसत नाही? ड्रायव्हर नंतर, आधी आवाज ऐका

सांगलीतून पलूस, तासगाव, आष्टा, शिराळा या बाजूची दूध संकलन केंद्रं मी बघतो. म्हणजे दूध नव्हे. दुधाचा काटा, फॅट मशीन आणि ते ज्याला जोडलेत तो कॉम्प्युटर. ऊस सुरू झाला की वजनकाट्यांची कामं येतात, आणि मधूनमधून इंजिनिअरिंगची पोरं आपापली बोर्डं घेऊन दुकानात येतात. तक्रार सगळ्यांची एकच: यूएसबीला लावलंय, पण कॉम्प्युटर घेत नाही. आणि माझ्याकडे यायच्या आधी उपायही सगळ्यांनी एकच केलेला असतो. नेटवर हाताला लागेल तो ड्रायव्हर, म्हणजे वस्तू ओळखून चालवायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्रॅम, टाकून बघितलेला असतो.

बहुतेक वेळा ड्रायव्हरचा तिथं काही संबंधच नसतो. उलट त्या नादात चालू असलेला ड्रायव्हर बिघडतो आणि मूळचा दोष केबलमध्ये तसाच राहतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय. उदाहरणं दूध केंद्राची आहेत, कारण माझा दिवस तिथं जातो; पण बारकोड प्रिंटर असो, पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) असो की पोरांचा आर्डुइनो बोर्ड, यूएसबीला जोडणाऱ्या कन्व्हर्टरची चिप तीच आणि तपासायची रीतही तीच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक. सकाळी सहाला किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असताना सचिव मला फोन करतात, "दादा, काटा घेईना ओ, संकलन थांबलंय." मी विचारतो, "काट्याच्या डिस्प्लेवर वजन दिसतंय का?" "ते दिसतंय की." मग थांबलंय कशाला? वजन आणि फॅट वाचून हातानं एंट्री करा, तशी सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. रांग हलू द्या. घाईत, माणसं डोक्यावर उभी असताना केलेली दुरुस्ती हमखास दुसरं काहीतरी मोडून ठेवते.

आणि काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, उघडू नका. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. ते तुटलं की काटा पुन्हा पडताळणी होईपर्यंत वापरता येत नाही. कॉम्प्युटरकडे वजन पोचत नाही ही तक्रार शोधायला आत जावंही लागत नाही.

काटा बाजूला करा

वजन कॉम्प्युटरपर्यंत कसं येतं ते बघा. इंडिकेटरमधून नऊ पिनच्या कनेक्टरवर आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा सिरियल सिग्नल बाहेर येतो. नव्या कॉम्प्युटरला नऊ पिनचा पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावलेला असतो. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट (कॉम ३, कॉम ५ असा नंबर असलेलं दार) तयार करतो आणि दुधाचं सॉफ्टवेअर तो पोर्ट उघडून वजन वाचतं.

यात लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही, की कॉम्प्युटरला काटा कधीच दिसत नसतो. त्याला दिसतो फक्त कन्व्हर्टर. काटा बंद असला, नऊ पिनचं टोक हवेत लोंबकळत असलं, तरी कन्व्हर्टर दिसलाच पाहिजे. म्हणून पहिल्यांदा नऊ पिनचं कनेक्शन सोडवा, नुसता कन्व्हर्टर कॉम्प्युटरला लावा. आता दोष कुठल्या बाजूला आहे ते आपोआप कळायला लागतं. नुसता कन्व्हर्टर दिसतोय आणि काटा जोडला की गायब होतोय, असं असेल तर थेट खाली अर्थिंगच्या भागाकडे जा.

फॅट मशीनला किंवा इंडिकेटरला थेट यूएसबी सॉकेट असेल, प्रिंटरसारखं चौकोनी, तर कन्व्हर्टर आतच बसवलेला असतो. तिथं वेगळा काढता येत नाही, पण बाकीची तपासणी तीच.

लावताना काय होतं

स्पीकर चालू करा आणि कन्व्हर्टर लावा. विंडोज चढत्या सुराचा एक आवाज करतं, काढला की उतरत्या सुराचा. केंद्रावरच्या कॉम्प्युटरला बऱ्याचदा स्पीकर नसतो. तिथं विंडोजचं बटण दाबून धरून एक्स दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्याच्याकडे बघत कन्व्हर्टर लावा. काहीतरी घडलं की पूर्ण यादी क्षणभर हलते.

या एका क्षणात काय होतं ते समजून घेतलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. यूएसबीच्या केबलमध्ये चार वायरी असतात: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि हिरवी-पांढरी डेटाच्या. कन्व्हर्टरला करंट मिळाला की तो आपल्या दीड किलोओहमच्या रेझिस्टरनं एक डेटा वायर वर खेचतो. कॉम्प्युटरला एवढंच कळतं की कोणीतरी आलंय. मग तो पोर्ट रीसेट करतो आणि विचारतो, तू कोण? कन्व्हर्टर १८ बाइटचं उत्तर देतो, त्यात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. केंद्रावर सभासद आधी आपला कोड सांगतो आणि मग दूध ओततो, तसंच हे. कोड कळल्यावर विंडोज ड्रायव्हर शोधायला जातं. त्याच्या आधी नाही.

म्हणजे आवाज नाही, यादी हलत नाही, तर कॉम्प्युटरला कोणी आल्याचंच कळलेलं नाही. अशा वेळी ड्रायव्हर टाकणं निव्वळ वेळ घालवणं आहे.

काहीच होत नाही

इथं दोष केबल, पोर्ट, करंट किंवा चिप यातला.

केबल वेगळी असेल तर आधी तीच संशयित. चार्जरबरोबर आलेल्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या दोन वायरीच नसतात. कन्व्हर्टरवरचा दिवा पेटतो, सगळे म्हणतात "लाइट लागतीय की," आणि तिथंच फसतात. दिव्याला लाल-काळी पुरते. तपासायला सोपा मार्ग: तीच केबल मोबाइलला लावून कॉम्प्युटरला जोडा. मोबाइलवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर डेटाच्या वायरी आहेत. नुसतं चार्जिंग झालं तर केबल चार्जरकडे परत पाठवा.

कन्व्हर्टरची केबल अंगचीच असेल तर तिचं टोक नीट बघा. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये चार सोनेरी पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन करंटच्या, मधल्या दोन डेटाच्या, आणि बाहेरच्या दोन मुद्दाम जरा लांब केलेल्या असतात, म्हणजे करंट आधी जोडला जावा. याचा उलटा परिणाम असा की प्लग पूर्ण आत गेला नाही किंवा मधल्या पट्ट्यांवर गंज चढला, तर दिवा पेटतो आणि डेटा जात नाही. दूध केंद्रात जमीन रोज धुतली जाते, हवेत ओल असते, कॅनमधून शिंतोडे उडतात; मधल्या पट्ट्यांवर हिरवट थर मी सारखा बघतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते मऊ ब्रशला लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रॉकेल नको, खोबरेल तेल तर अजिबात नको. एका केंद्रावर कोणीतरी ते घातलं होतं आणि पोर्टात पिठासकट चिखल झाला होता. २०१९ च्या महापुरात बुडालेले जे कन्व्हर्टर लोकांनी वाळवून पुन्हा लावले, त्यातले काही महिनाभर चालले आणि मग एकेक करत याच गंजानं गेले. बुडालेला कन्व्हर्टर सरळ टाकून द्यावा.

मग पोर्ट. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाला आतून बारीक वायर गेलेली असते, ती मदरबोर्डवर नुसती खोचलेली असते. उंदीर, धूळ, नुसता हिसका, काहीही पुरतं. मागचे पोर्ट थेट बोर्डवर असतात, तिथं लावा. मधला हब आणि एक्स्टेन्शन वायर काढून टाका. टेबलापासून काट्यापर्यंत पोचायला म्हणून यूएसबीच्या दोन एक्स्टेन्शन जोडलेल्या असतात, हे चुकीचं. यूएसबीची केबल पाच मीटरच्या आत ठेवायची. लांब जायचं असेल तर नऊ पिनच्या बाजूची वायर वाढवा. आरएस-२३२ पंधरा मीटरपर्यंत बिनघोर जातं.

पोर्ट चांगला आहे का, हे त्याच पोर्टात पेन ड्राइव्ह लावून बघा. माउस लावून बघितलं तरी चालतं, पण पेन ड्राइव्ह जास्त करंट घेतो, म्हणून परीक्षा जरा खरी होते. मल्टिमीटर असेल तर पोर्टावर पाच व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. कन्व्हर्टर लावल्यावर साडेचारच्या खाली उतरत असतील तर पोर्ट किंवा पॉवर सप्लाय थकलाय.

पोर्ट चांगला, केबल चांगली, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही शांतता, तर कन्व्हर्टर गेला. त्याच्या दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

पोरांसाठी एक उपसूचना. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी असतो आणि बोर्डालाही टाइप-सी असतो, म्हणून दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली जाते आणि बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. टाइप-सी मध्ये समोर कोणी जोडलंय हे सांगणाऱ्या सीसी नावाच्या पिना असतात; स्वस्त बोर्डांवर त्यांचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की लॅपटॉप करंटच सोडत नाही. जुन्या चपट्या टोकाची केबल आणि हब वापरा, तोच बोर्ड चालू होतो.

आवाज येतो, पण अननोन डिव्हाइस दिसतं

यादीत युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्सच्या खाली पिवळ्या त्रिकोणासकट अननोन यूएसबी डिव्हाइस, आत डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड, कोड ४३. याचा अर्थ कोणीतरी आल्याचं कळलं, पण कोण ते विचारल्यावर उत्तर आलं नाही किंवा फाटकं आलं. तपशिलात व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०००० आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) ०००२ दिसत असेल तर खात्रीच समजा. हे क्रमांक कुठल्या कंपनीचे नव्हेत, विंडोजनं रिकामी जागा भरलीय. "०००० चा ड्रायव्हर" म्हणून जे काही नेटवर मिळतं ते घेऊ नका.

उपाय वरचेच, गंज आणि केबल. फक्त एक जास्तीचा: कॉम्प्युटर शटडाउन करून भिंतीचा प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग चालू करा. कधीकधी यूएसबीचा कंट्रोलरच अडकून बसलेला असतो आणि नुसत्या रीस्टार्टनं तो सुटत नाही, कारण रीस्टार्टला पाच व्होल्ट जातच नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनसुद्धा अर्धवटच असतं, म्हणून प्लग काढायचा.

अदर डिव्हाइसेसमध्ये दिसतं, कोड २८

आता आली ड्रायव्हरची पाळी. कन्व्हर्टरनं आपला क्रमांक सांगितलाय, विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही. त्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडीनंतरचे चार अंक कागदावर लिहा. वरच्या वेष्टनावर काय छापलंय याला महत्त्व नाही. आत चिप कुठली हे हाच आकडा सांगतो.

१ए८६ असेल तर चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० वगैरे चिप. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आणि आर्डुइनोच्या नकलांमध्ये हीच. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२ आणि तिची भावंडं, ०६७बी म्हणजे प्रोलिफिक. खऱ्या आर्डुइनोचा २३४१. ड्रायव्हर त्या त्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. शंभर ड्रायव्हर एका फटक्यात टाकणारी जी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांनी बिघडवलेले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझा अर्धा उन्हाळा जातो, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी निष्पक्ष नाही.

केंद्रावर इंटरनेट नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, त्याला विंडोजमध्ये सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. मग कन्व्हर्टरच्या नावावर उजवी क्लिक करून अपडेट ड्रायव्हर. बहुतेक चिपचा ड्रायव्हर विंडोज स्वतःच उतरवून घेतं. यात पोर्टाचीही परीक्षा होऊन जाते.

प्रोलिफिकची कथा वेगळी आहे. त्यांच्या पीएल२३०३ चिपच्या इतक्या नकला निघाल्या की कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या चिप घेणं बंद केलं. त्यामुळे काल विंडोज ७ वर चाललेला कन्व्हर्टर नव्या कॉम्प्युटरवर कोड १० दाखवतो, नाहीतर नावाच्या जागीच "पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क करा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. कन्व्हर्टर मेलेला नसतो. अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन, कॉम्प्युटरवरच्या यादीतून मी निवडतो असं सांगून, जुन्या तारखेचा ड्रायव्हर निवडला की तो चालतो. पण विंडोज अपडेट आलं की पुन्हा नवा बसतो आणि पुन्हा पहाटे फोन. माझं मत विचाराल तर एकदा सोय म्हणून जुना ड्रायव्हर लावा आणि त्याच आठवड्यात कन्व्हर्टर बदला.

एफटीडीआयच्या नकलांवर तर २०१४ मध्ये याहून मोठा घाला पडला होता. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरनं नकली चिपच्या मेमरीतला वस्तूचा क्रमांकच शून्य करून टाकला. मग ती चिप दुसऱ्या कॉम्प्युटरलाही ओळखू येईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. त्या काळातला एखादा कन्व्हर्टर खणातून निघाला आणि पीआयडी ०००० दिसला, पण व्हीआयडी ०४०३ असेल, तर कारण हे.

पोर्ट दिसतो, सॉफ्टवेअर घेत नाही

पोर्ट्स या शीर्षकाखाली कन्व्हर्टर नीट उभा आहे, पिवळा त्रिकोण नाही, शेजारी कॉम ५ लिहिलंय. आणि दुधाचं सॉफ्टवेअर म्हणतंय पोर्ट नाही. खरं सांगायचं तर फोनवर मिटणाऱ्या तक्रारी सगळ्या या घरातल्या.

झाडलोट करताना कोणीतरी कन्व्हर्टर काढला आणि शेजारच्या भोकात लावला. सीएच३४० सारख्या चिपला स्वतःचा सिरियल क्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज तिला जागेवरून ओळखतं; जागा बदलली की नवा कॉम नंबर. सॉफ्टवेअर जुन्या नंबरावर वाट बघत बसतं. "आप्पा, कालच्या पोर्टात लावा" एवढ्यानं काम होतं. मी तर त्या पोर्टाभोवती लाल नेलपॉलिश लावून ठेवतो. एफटीडीआयच्या अस्सल चिपला स्वतःचा क्रमांक असतो, ती कुठंही लावा, नंबर तोच राहतो.

नंबर बदलायचा असेल तर पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथं कॉम नंबर. जुनी सॉफ्टवेअर कॉम ४ किंवा कॉम ९ च्या पुढचा आकडा वाचतच नाहीत, तिथं हे करावंच लागतं. यादीत हवा तो नंबर "इन यूज" दाखवतो, कारण पूर्वी लावलेल्या कन्व्हर्टरांची भुतं तो अडवून बसलेली असतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हाइसेस निवडलं की ती फिकट दिसतात. एकेक करून अनइन्स्टॉल करा. चालू कन्व्हर्टर फिकट नसतो, त्याला हात लावू नका.

दुसरं कारण, एका वेळी एकच प्रोग्रॅम पोर्ट उघडू शकतो. सॉफ्टवेअर अडकलं म्हणून माणसं आयकॉनवर पुन्हा डबल क्लिक करतात, आणि दुसऱ्या खिडकीला पोर्ट मिळत नाही. टास्क मॅनेजरमधून दोन्ही बंद करा, एकच उघडा. लाइट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर राहिला, पण वेगळ्या करंटवरचा हब बंद होऊन चालू झाला, तरी हेच होतं. सॉफ्टवेअर मेलेला पोर्ट धरून बसतं. क्रम असा: आधी सॉफ्टवेअर बंद, मग कन्व्हर्टर काढून लावा, मग सॉफ्टवेअर चालू.

सकाळी चालतो आणि तासाभरानं गायब होतो, अशी तक्रार असेल तर विंडोज वीज वाचवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट आहे, तिथली "कॉम्प्युटरला हे बंद करू द्या" या अर्थाची खूण काढा. प्रत्येक रूट हबला. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

उबुंटूवाल्या पोरांचं थोडक्यात: ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम उबुंटू २२.०४ मध्ये सीएच३४० ला आपलं समजून पळवतो. गरज नसेल तर तो काढा. आणि परवानगी नाकारली असं येत असेल तर स्वतःला डायलआउट गटात घालून लॉगआउट होऊन परत या.

आता काटा जोडा

पोर्ट उघडतोय, पण वजन शून्यच. आधी कन्व्हर्टर निर्दोष ठरवून घ्या. नऊ पिनच्या टोकावर २ आणि ३ क्रमांकाच्या पिना वायरच्या तुकड्यानं जोडा. पिनांच्या शेजारी प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसतात. पुटी नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम उघडा, सिरियल निवडा, कॉम नंबर टाका, फ्लो कंट्रोल नन करा आणि कीबोर्डवर काहीही बडवा. जे बडवाल ते पडद्यावर उमटलं आणि तुकडा काढल्यावर उमटायचं थांबलं, की कॉम्प्युटर, ड्रायव्हर, कन्व्हर्टर तिघंही सुटले.

मग इंडिकेटरकडून येणारी वायर घ्या. मीटर डीसी व्होल्टवर, त्याचं काळं टोक ५ नंबर पिनेवर, लाल आधी २ वर, मग ३ वर. ज्या पिनेवर उणे पाच ते उणे बाराच्या मधला आकडा दिसेल, तिथून इंडिकेटर बोलतोय. आरएस-२३२ ची गप्प बसलेली लाइन उणेच असते. कन्व्हर्टर २ वर ऐकतो, तेव्हा उणे आकडा २ वर हवा. ३ वर असेल तर २ आणि ३ ची अदलाबदल केलेली केबल लागेल. कुठंच उणे नसेल तर वायर तुटलीय, किंवा इंडिकेटरच्या मेनूत सिरियल बंद आहे, किंवा इंडिकेटर आरएस-२३२ नव्हे तर आरएस-४८५ या दुसऱ्या पद्धतीचा आहे. काही इंडिकेटरांची पिनांची मांडणी वेगळी असते, त्याचं माहितीपत्रक बघा.

उणे आकडा योग्य जागी आहे आणि पुटीत कचरा अक्षरं येतात, तर बॉड रेट, म्हणजे दोघांचा बोलण्याचा वेग, जुळत नाही. ९६००, ४८००, २४००, १२०० असे बदलून बघा, आकडे वाचता येतील तो खरा. काहीच येत नसेल तर इंडिकेटर प्रिंटचं बटण दाबल्यावरच वजन पाठवायच्या सेटिंगवर असेल. ते कंटिन्युअसवर न्या.

अर्थिंग, आणि वळीव

काटा जोडला की कन्व्हर्टर गायब, किंवा दर दोन-तीन महिन्यांनी नवा कन्व्हर्टर जळतो. केंद्राचे लोक कन्व्हर्टर विकणाऱ्याला शिव्या देतात. मी आधी भिंतीचा सॉकेट बघतो.

कॉम्प्युटरच्या सप्लायला अर्थिंग मिळालं नाही तर त्याचं लोखंडी कॅबिनेट आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे मेन लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. नऊ पिनचं टोक सोडवून मीटर एसीवर ठेवा, एक टोक कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला आणि दुसरं इंडिकेटरकडून आलेल्या वायरीच्या ५ नंबर पिनेला लावा. शंभरच्या आसपास व्होल्ट दिसले तर निदान झालं. कॅबिनेटला ओल्या हातानं टेकल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. तो करंट सहसा माणसाला मारण्याइतका नसतो, पण नऊ पिनचं कनेक्टर लावताना पहिल्यांदा डेटाची पिन टेकली तर सगळा झटका चिपमधून जातो.

म्हणून जोडताना कॉम्प्युटर आणि इंडिकेटर दोघांचेही प्लग भिंतीतून काढलेले हवेत. दोघं एकाच बोर्डावर, तीन पिनच्या प्लगवर आणि खऱ्या अर्थिंगवर. तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी पडत नाही आणि माती वाळली की ते नावापुरतं उरतं. आठवड्यातनं दोन बादल्या ओता. कॅन धुतलेलं पाणी तिकडं वळवलं तरी चालतं.

एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग जत, कवठेमहांकाळ, तासगावकडे गडगडायला लागले की संकलन संपल्यावर नऊ पिनचं टोक आणि प्लग दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जिथं काटा एका शेडमध्ये आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, तिथं, आणि उसाच्या वजनकाट्यावर तर कायमच, आयसोलेटेड कन्व्हर्टर बसवा. त्यात यूएसबीची बाजू आणि काट्याची बाजू यांच्यात विजेचा थेट संबंध नसतो. साध्यापेक्षा बराच महाग पडतो हे खरं, पण लिंबाच्या झाडाखालच्या शेडला दर पावसाळ्यात नवा साधा कन्व्हर्टर घेणारी केंद्रं मला माहीत आहेत. घेताना टीटीएल लिहिलेला छोटा बोर्ड घेऊ नका. तो ३.३ किंवा ५ व्होल्टचा असतो. इंडिकेटरची उणे बारा व्होल्टची लाइन त्याला लावली की तो तिथंच संपतो.

नवा कन्व्हर्टर बसवला की त्याच दिवशी कॅबिनेटवर कागद चिकटवा: कुठला पोर्ट, कॉम किती, बॉड रेट किती, चिप कुठली. ड्रायव्हरची फाइल डेस्कटॉपवर नको, डी ड्राइव्हमध्ये ठेवा, कारण फॉरमॅट मारणारा डेस्कटॉपवरचं काही ठेवत नाही. आणि एक चालू कन्व्हर्टर पावती पुस्तकांच्या कपाटात, वरच्या खणात, पिशवी बांधून ठेवा. खाली मुंग्या लागतात.